मुक्काम पोस्ट फोर्ट

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी एवढंच लिहिलं होतं, की मुंबईतलं काम फोर्टात असेल तर मुक्कामही फोर्टातच करावा, आणि तो साध्या माणसाला परवडतो. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेकांनी विचारलंय, गेटवे आणि हायकोर्टाच्या आसपास आम्हाला दारात तरी उभं करतील का? करतात. १९९९ ते २०११ अशी बारा वर्षं मी वडिलांना घेऊन चिपळूणहून हायकोर्टाच्या तारखांना गेले, आणि त्यातल्या बहुतेक रात्री आम्ही फोर्टातल्या एका साध्या लॉजवर काढल्या.

ताई, आमच्या जमिनीच्या दाव्याची हायकोर्टात तारीख लागली आहे. वकील म्हणतात हजर राहा. सोबत पत्नी आणि ७४ वर्षांची आई असेल. सातबाऱ्यावर आईचं नाव आहे, त्यामुळे ती यायचंच म्हणते. कल्याणला भाचा राहतो. तो म्हणतो, "मामा, घर असताना हॉटेलात पैसे कशाला घालवता?" दोन रात्रींसाठी माझी तयारी पाच-साडेपाच हजारांची आहे. काय करू?
– एक वाचक, नाशिक

भाच्याचं मन जरूर राखा, पण तारखेच्या आदल्या रात्री त्याच्याकडे राहू नका. तारीख आटोपली की त्याच संध्याकाळी सगळे कल्याणला जा, दोन दिवस राहा, आईंनाही नातवंडं भेटतील. आदली रात्र मात्र फोर्टात.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण आम्ही एकदा उलटं केलं होतं. २००१ चा जुलै. डोंबिवलीला मावसभावाकडे उतरलो, रात्री पोटभर गप्पा झाल्या, सकाळी आठला बाबांना घेऊन स्टेशन गाठलं. पाऊस रात्रभर चालूच होता. ठाणं सोडलं आणि मुलुंडच्या अलीकडे गाडी थांबली ती दीड तास जागची हलली नाही. बाबा तेव्हा बहात्तर वर्षांचे. कुणीतरी उठून त्यांना जागा दिली, पण डब्यात हवा नव्हती. कोर्टात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता आणि आमचा नंबर पुकारून झाला होता. वकिलांनी कशीबशी पुढची तारीख मागून घेतली, ती मिळाली आठ महिन्यांनंतरची. बाबा बाहेर पायरीवर बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. परतीच्या गाडीत म्हणाले, "पुढच्या वेळी कोर्टाच्या दाराशी झोपू."

तेव्हापासून आम्ही फोर्टात राहू लागलो. २६ जुलै २००५ ला, मंगळवारी, आमची तारीख होती. त्या चोवीस तासांत सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त ७३, त्यामुळे फोर्टात आम्हाला तो जुलैतला नेहमीचा पाऊस वाटत होता. चारच्या सुमाराला कोर्टातून निघालो, पाच मिनिटांत खोलीवर आलो, बाबा आडवे झाले. अंधार पडल्यावर लॉजच्या मॅनेजरांनी दार वाजवलं. ऑफिसांतली माणसं अडकली आहेत, तुमच्या दारासमोर गाद्या घातल्या तर चालेल का, असं विचारायला आले होते. त्या रात्री पॅसेजमध्ये अकरा माणसं झोपली. माझा मावसभाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी डोंबिवलीला पोचला, निम्मी वाट चालत.

आता तुमचा हिशेब. या जानेवारीत मी बहिणीबरोबर फोर्टात राहिले. एसी नसलेली, आत बाथरूम असलेली दोघींची खोली २,२०० रुपयांना मिळाली. तिसऱ्या गादीचे ४०० सांगितले होते. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी तो १२ होता. सांगितलेला दर करासह की कराशिवाय, हे फोनवरच विचारून घ्या. एकच रात्र राहिलात तर तुमच्या ठरवलेल्या रकमेतले अडीच हजार शिल्लक राहतील. कल्याणहून आईंसाठी गाडी करायची झाली तर जाण्यायेण्यात फोर्टातल्या एका रात्रीइतके पैसे जातील, आणि वेळेवर पोचण्याची खात्री नाही ती नाहीच. सकाळच्या पंचवटीने थेट यायचा विचार असेल तर तोही सोडा. गाडी वेळेवर आली तरी बोरीबंदरला पोचेपर्यंत कोर्ट बसायची वेळ झालेली असते.

आई बरोबर आहेत म्हणून आणखी एक. जवळ राहण्याचा खरा फायदा सकाळी कळत नाही, दुपारी कळतो. नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. वयस्क माणसाला बाकावर चार-पाच तास बसवून ठेवणं मला फार कठीण गेलेलं आहे. खोली जवळ असली की जेवणाच्या सुट्टीत त्यांना नेऊन अर्धा-पाऊण तास पाठ टेकू देता येते, स्वच्छ बाथरूमला जाता येतं, औषध वेळेवर देता येतं. बाबांची ती अर्ध्या तासाची झोप मी कधी चुकू दिली नाही.

खोली बघताना टीव्ही, एसी, फ्रिज, खिडकीतला देखावा हे सगळं सोडून द्या. ज्यावाचून चालणार नाही अशा गोष्टी थोड्याच आहेत. पहिली पायऱ्या. फोर्टातल्या जुन्या इमारतींचे मजले उंच असतात, इथला पहिला मजला म्हणजे आपल्याकडचा दीड. लिफ्ट आहे का, आणि ती रात्रीही चालू असते का, हे विचाराच. दुसरी खिडकी. पुष्कळ खोल्यांच्या खिडक्या इमारतीच्या आतल्या बंदिस्त पोकळीत, म्हणजे डक्टमध्ये उघडतात, तिथे हवा येत नाही आणि वास मात्र येतो. तिसरी गरम पाणी. अनेक ठिकाणी ते सकाळी ठरावीक तासच मिळतं आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना निघायचं असतं. सीएसएमटीच्या समोर बोरा बाजार आणि मोदी स्ट्रीटच्या गल्ल्यांत स्वस्त लॉज जास्त आहेत. तिथून हायकोर्ट तुम्हाला-मला चालत पंधरा मिनिटं, पण आईंना टॅक्सी करावी लागेल. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे. रिक्षा शोधत उभे राहू नका, त्या शहरात येतच नाहीत, शीव-माहीमलाच थांबतात. हुतात्मा चौक किंवा काळा घोड्याच्या बाजूला जागा मिळाली तर चार-पाचशे जास्त द्या. तिथून आई स्वतःच्या पायांनी कोर्टात जातील, आणि त्यांना तेच आवडेल.

दुसऱ्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे कुठल्या दाव्याचा कितवा नंबर याची यादी, आदल्या संध्याकाळी हायकोर्टाच्या संकेतस्थळावर लागतं. नंबर खाली असेल तर काम दुसऱ्या दिवसावर जाऊ शकतं, म्हणून खोली घेतानाच "एक रात्र वाढवावी लागली तर हीच मिळेल का?" हे विचारून ठेवा. मी दर वेळी विचारायची, आणि तीनदा गरज पडली.

जाता जाता: आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे दावे १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेले आहेत, तेव्हा चिपळूणच्या माणसाला आता ही वारी नाही. वांद्र्याला हायकोर्टाच्या नव्या इमारतीची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आहे. ती उभी राहिली की नाशिककरांनाही मुक्कामाचा पत्ता बदलावा लागेल.

मी २३ वर्षांची आहे. चर्चगेटजवळ एका कंपनीत दुपारी दोन वाजता मुलाखत आहे. बाबा म्हणतात एकटीने लॉजवर राहायचं नाही, आणि दादा सोबत आला तर खर्च दुप्पट. तुम्ही बाबांना काय सांगाल?
– एक वाचक, अमरावती

बाबांची काळजी खरी आहे, तिच्यावर रागावू नकोस. पण तुला रात्रीची खोली लागतेय का, हे आधी बघ. अमरावती एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला पोचते आणि संध्याकाळी तिथूनच परत निघते. तुला हवेत ते मधले चार तास: अंघोळ, कपडे बदलणं, थोडं पडणं, सामान ठेवायला जागा. त्यासाठी स्टेशनातच रेल्वेची रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी असते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असेल तर पीएनआर टाकून ती आयआरसीटीसीवरून घेता येते. जागा कमी असतात, तेव्हा तिकीट काढल्याबरोबर तेही करून टाक. शिवाय मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं. एका माणसाला झोपता येईल एवढे बंद कप्पे असतात आणि बायकांसाठी वेगळा भाग आहे. सुरू झालं तेव्हा बारा तासांचे ९९९ रुपये होते. पुढच्या वर्षी सीएसएमटीलाही तसे कप्पे झाले. सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं असेल तर बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत.

मुलाखत लांबली आणि रात्र काढावीच लागली तर मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं (यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन) अतिथिगृह आहे. मुख्य रस्ता, शेजारी वस्ती, आणि मुलाखतीच्या जागेपासून चालत जाण्याजोगं. नावात 'विमेन' असलं तरी तिथे कुटुंबंही उतरतात, त्यामुळे पुढे कधी बाबांना घेऊन गेलीस तरी चालेल. सकाळचा नाश्ता भाड्यातच असतो. हे बोरा बाजारातल्या लॉजपेक्षा महाग पडेल, पण दादाचं तिकीट आणि जेवण वाचतंय ते त्यात घाल.

आणि बाबांना एक करायला सांग: त्यांनी स्वतः तिथे फोन करून दोन मिनिटं बोलावं. समोरचा माणूस कसा बोलतो, यावरून वडिलांना पुष्कळ कळतं. मीही माझ्या भाचीच्या वेळी हेच केलं होतं. मुलाखत चांगली होवो. निकाल मला कळव.

यजमानांना टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचं आहे. पाच-सहा दिवस तरी लागतील असं इथले डॉक्टर म्हणाले. मुलगा परळला हॉटेल बुक करतोय, रोजचे तीन हजार. आमची ऐपत नाही, पण त्याला नाही म्हणवत नाही.
– एक वाचक, यवतमाळ

ताई, मुलाला फक्त पहिल्या दोन रात्रींचं बुकिंग करू द्या. पाच-सहा दिवस म्हणतात, पण तपासण्या, मग रिपोर्ट, मग उपचार असं ते लांबत जातं, आणि पैसे पुढे औषधांना लागणार आहेत.

फाइल निघाली की त्याच दिवशी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा आणि राहायची सोय नाही म्हणून सरळ सांगा. यात कमीपणा नाही, तो विभाग यासाठीच आहे. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि टाटाचं स्वतःचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती गृह वांद्र्याला आहे. लहान मूल आजारी असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. हे तुमच्यासाठी नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल. सगळीकडे गर्दी असते, लगेच जागा मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी नाव लावायचं. रुग्णालयाची कागदपत्रं आणि दोघांची ओळखपत्रं, झेरॉक्ससकट, एकाच पिशवीत ठेवा.

तोवरच्या दोन रात्रींसाठी परळऐवजी दादरही बघा. दोन्ही रेल्वे तिथे मिळतात, लॉज जास्त आहेत, साधं जेवण सहज मिळतं, आणि टॅक्सीने रुग्णालय लांब नाही. फक्त ६ डिसेंबरच्या आगेमागे जाणार असाल तर चैत्यभूमीच्या गर्दीमुळे दादरला जागा मिळत नाही, तेव्हा परळच धरा. कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत असते. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायला विसरू नका, परतीच्या तिकिटालाच उपयोगी पडेल.

तुमच्या यजमानांना आराम पडो. पुढे काही अडलं तर या सदराची वाट न बघता सरळ संपादकांच्या पत्त्यावर लिहा, पत्र माझ्यापर्यंत येतं.

मोबाइलवर फोटो बघून कुलाब्यात खोली घेतली. फोटोत खिडकी होती, प्रत्यक्षात भिंतीवर पडदा लावलेला. भाडं आधीच भरलेलं. भांडलो, उपयोग झाला नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं?
– एक वाचक, नागपूर

तुमचं पत्र वाचून मला २०१७ आठवलं. मी आणि बहीण पहाटे साडेपाचला एका जागी पोचलो. खोली म्हणून जी दिली तिच्या दोन बाजूंच्या भिंती प्लायवूडच्या आणि छतापासून दीड हात खाली संपलेल्या. पलीकडच्या माणसाचा मोबाइल वाजला तर आमच्या उशाशी वाजायचा, आणि वरच्या फटीतून त्याच्या खोलीतला दिवा आमच्या छतावर. त्या रात्री दोन बायका साडीच्या घड्या अंगाखाली घेऊन बसून राहिलो. फोनवर मी सगळं विचारलं होतं, फक्त भिंत छतापर्यंत आहे का, हे विचारायचं सुचलं नव्हतं. आता पहिलं तेच विचारते.

माझी रीत अशी आहे. मोबाइलवर जागा बघायची, पण मग हॉटेलच्या स्वतःच्या नंबरवर फोन लावायचा. दुपारी तीन-चारच्या सुमाराला, तेव्हा काउंटरवरच्या माणसाला बोलायला सवड असते. कितवा मजला, खिडकी रस्त्यावर की डक्टकडे, पार्टिशन पूर्ण आहे ना, बाथरूम आत आहे की बाहेर, करासह एकूण किती. पाच प्रश्नांची उत्तरं न चिडता देणारा माणूस असेल तर ती जागा बहुधा ठीक निघते. आधी पूर्ण पैसे भरायचे नाहीत. "पोचल्यावर देईन" हे चालतं तीच जागा घ्यायची, मग शंभर-दोनशे जास्त पडले तरी.

पोचल्यावर रजिस्टरवर सही करण्याआधी खोली बघायला मागा. सही झाली की तुमचं बोलणं तक्रार ठरतं, त्याआधी ते गिऱ्हाईकाचं म्हणणं असतं. खोलीत जाऊन चादर उचलून गादीची शिवण बघा, नळ सोडा, दाराची कडी आतून लावून बघा. एवढ्याला दोन मिनिटं लागतात, आणि चांगल्या ठिकाणी याचं कुणाला वाईट वाटत नाही. ओळखपत्र दाखवताना आधारची मूळ प्रत काउंटरवर सोडून येऊ नका. शेवटचे चारच आकडे दिसतात असं मास्क केलेलं आधार ते देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून घेता येतं, ते द्या.

चेकआउटचंही विचारा. दुपारी बाराला खोली सोडायची असेल आणि तुम्ही सकाळी सहाला पोचत असाल, तर काही ठिकाणी त्या सहा तासांची वेगळी रात्र लावतात. चोवीस तासांचा चेकआउट असलेली लॉज अजून आहेत. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याने तीच शोधावीत, सरळ एका रात्रीचं भाडं वाचतं.

तुमचे पैसे गेले आहेत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. बुकिंगचा मेसेज, फोटोचा स्क्रीनशॉट आणि खोलीचा खरा फोटो असेल तर तिन्ही जोडा. पैसे परत मिळोत न मिळोत, तक्रार नोंदली गेली पाहिजे. पुढचा माणूस तो पडदा उघडून भिंत बघणार नाही.

मुलीची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत आहे. गेटवेजवळ राहिलो तर मुंबईही बघून होईल, असं वाटतं. बरोबर आहे का?
– एक वाचक, पुणे

मुलाखतीच्या आदल्या रात्री नको. अमेरिकेची मुंबईतली वकिलात २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, आहे. संकुलातली हॉटेलं आपल्या आवाक्याबाहेरची, पण कलिना, वाकोला, कुर्ला या बाजूला साधी हॉटेलं आहेत. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा जवळ राहिलात तर तो खोलीवर ठेवता येतो. मुलाखत झाली की बीकेसीहून भुयारी मेट्रोने तासाच्या आत दक्षिण मुंबईत या. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते, वाटेत सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशी स्टेशनं आहेत. मग खुशाल गेटवेजवळ एक रात्र राहा, मुलीच्या मनावरचा ताणही उतरलेला असेल.

दोन मुलांना मुंबई दाखवायची आहे, तीन दिवस. कुलाब्यात राहावं की उपनगरात? मे महिन्यात येतोय.
– एक वाचक, म्हापसा

कुलाब्यात. मुलं दुपारी दमतात आणि खोली हाकेच्या अंतरावर असली की संध्याकाळी पुन्हा ताजी होऊन बाहेर पडतात. गेटवे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, काळा घोडा हे सगळं पायी होतं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी, त्याप्रमाणे वार जुळवा. मे असल्यामुळे इथे मात्र एसी घ्या; बाकीच्यांना मी नको म्हटलं, पण लहान मुलं उकाड्यात झोपत नाहीत. सकाळच्या न्याहारीला एक दिवस सीएसएमटीसमोरच्या पंचम पुरीवाल्याकडे न्या, पुरी-भाजी मुलांना आवडेल.

ताई, एवढं सांगता तर तुमच्या त्या लॉजचं नावच सांगा ना!
– चौदा वाचक, वेगवेगळ्या गावांहून

ते लॉज आता नाही. २०१९ मध्ये इमारत धोकादायक ठरली आणि रिकामी झाली. मॅनेजर गावी परतले. २०११ मध्ये आमचा निकाल लागला तेव्हा बाबांनी त्यांच्यासाठी चिपळूणहून हापूसची पेटी नेली होती. त्यांनी त्या दिवसाचं भाडं घेतलं नाही, आणि बाबांनी ते टेबलावर ठेवूनच खोली सोडली.

नवी जागा शोधायला मला दोन फेऱ्या लागल्या. बाहेरगावच्या माणसाने मुंबईत उतरायचं ते बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास, ही फार जुनी रीत आहे. लोकमान्य टिळकांचा मुंबईतला मुक्कामही क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहातच असायचा, आणि १ ऑगस्ट १९२० ला ते गेले तेही तिथेच. तेव्हा मीही दुपारी चारला त्याच भागातल्या गल्ल्यांतून हिंडले. पाट्यांवरची नावं बघितली नाहीत. जिना झाडलेला आहे का ते बघितलं, वाळत घातलेल्या चादरी किती पांढऱ्या आहेत ते बघितलं, आणि खाली उतरणाऱ्या गिऱ्हाइकांत बायका-मुलं, म्हातारी माणसं आहेत का तेही. तिसऱ्या गल्लीत एक जागा सापडली. जानेवारीत राहिले ती हीच. पहिला मजला, एकवीस पायऱ्या, लिफ्ट नाही, खिडकी रस्त्यावर, गरम पाणी साडेपाच ते नऊ, चोवीस तासांचा चेकआउट.

तिथे खोल्या आठच आहेत. नाव इथे छापलं तर ज्याला तारखेसाठी खरोखर लागेल त्याला ती मिळायची नाही, म्हणून छापत नाही. कोर्ट, रुग्णालय किंवा मुलाखतीसाठी जाणाऱ्यांनी तारीख लिहून पत्र पाठवावं, मी नाव आणि फोन कळवीन. नाशिकच्या वाचकांनी पत्रात आधी एवढं लिहावं, की आईंना एकवीस पायऱ्या चढता येतील का. कठडा डाव्या हाताला आहे.